बांधाखाली कोण राहतं?

आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी दिलेला आहे. शहराबाहेर प्लॉट घेतला, तिथल्या नाल्यावर मातीचा बांध घालून तळं केलेलं आहे, चार बोटी सोडल्यात, बदकं आहेत, संध्याकाळी फिरायला छान वाटतं. पण पाऊस लागला की मनात येतं, हा बांध टिकेल ना? असा प्रश्न इंदूरहून आला, हैदराबादहून आला, बंगळूरच्या एका ताईंनी तर बांधाचा फोटोही पाठवला. फोटो पाहून मी मत देणार नाही, कुणीच देऊ नये. पण अशा बांधाचा धोका ठरवतात कसा, ते आज सविस्तर सांगतो. त्यासाठी आधी तुम्हाला अमेरिकेत जॉर्जिया राज्यात नेतो, कारण करमणुकीच्या छोट्या तळ्याची इतकी नीट अभ्यासलेली दुर्घटना तिथे घडली आहे.

जॉर्जियाच्या ईशान्येला, डोंगराच्या पायथ्याशी टोकोआ नावाचं गाव आहे. तिथे 186 फुटांचा एक धबधबा आहे आणि धबधब्याच्या खालच्या दरीत एक बायबल कॉलेज. धबधब्याच्या वरच्या अंगाला, त्याच ओढ्यावर केली बार्न्स नावाचं धरण होतं. सुरुवात 1899 ची. लाकडी चौकटीत दगड भरून केलेला बंधारा, छोट्या वीजघरासाठी. पुढे कॉलेजला विजेची गरज पडली तेव्हा त्याच जुन्या बंधाऱ्यावर मातीचा भराव चढवला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो आणखी वाढवला. शेवटी उंची झाली सुमारे 38 फूट, लांबी 400 फूट. 1957 मध्ये वीजनिर्मिती बंद पडली. त्यानंतर वीस वर्षं हे नुसतं तळं होतं. मासे धरा, बोट फिरवा, काठावर डबा खा.

ही वीस वर्षं मला महत्त्वाची वाटतात. वीजघर चालू असतं तेव्हा कुणीतरी रोज धरणावर जातो, पाण्याची पातळी लिहितो, झडप फिरवून बघतो. काम संपलं की तो माणूस जातो. पाणी मात्र तिथेच राहतं.

नोव्हेंबर 1977. दोन तारखेपासून पाच तारखेपर्यंत सुमारे सात इंच पाऊस झाला, त्यातला निम्मा पाच तारखेच्या संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या सहा तासांत. सहा तारखेच्या पहाटे, साधारण दीड वाजता, धरण गेलं. खालच्या दरीत कॉलेजचं वसतिगृह होतं, कर्मचाऱ्यांची आणि विवाहित विद्यार्थ्यांची ट्रेलर-घरं होती. सगळे झोपेत. 39 माणसं गेली, त्यांत निम्मी मुलं.

आता आकडे बघा, कारण आजचं सगळं बोलणं या आकड्यांवर उभं आहे. फुटताना तळ्यात पाणी होतं सुमारे 630 एकर-फूट, म्हणजे पावणेआठ लाख घनमीटर. धरणांच्या हिशोबात हे काहीच नाही. पण फुटीतून निघालेल्या लोंढ्याचा सर्वोच्च प्रवाह अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने काढला तो 24,000 क्युसेक्स. पुण्याच्या मंडळींना हा आकडा लगेच कळेल. खडकवासल्यातून मुठेत एवढं पाणी सोडलं जातं तेव्हा भिडे पूल कधीच पाण्याखाली गेलेला असतो आणि नदीकाठच्या वस्तीत भोंगे फिरत असतात. तेवढं पाणी, एका ओढ्यात, रात्री दीड वाजता, भोंगा न वाजता.

छोट्या तळ्यातून इतका मोठा प्रवाह कसा निघतो? मातीचं धरण एकदम पडत नाही. आधी एक खाच पडते, वाहतं पाणी खाच खणतं, खाच मोठी झाली की जास्त पाणी जातं, जास्त पाणी आणखी वेगाने खणतं. म्हणून लोंढा किती मोठा येणार हे साठ्यापेक्षाही पाण्याच्या उंचीवर जास्त अवलंबून असतं. जुन्या फुटींच्या नोंदींवरून फ्रोलिक नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एक सूत्र बसवलंय, जगभर वापरतात. साठ्याचा 0.295 वा घात, उंचीचा 1.24 वा घात, आणि गुणिले 0.607. सगळं मीटरमध्ये. केली बार्न्सचे आकडे घालून बघितले तर सेकंदाला 690 घनमीटरच्या आसपास उत्तर येतं, आणि 24,000 क्युसेक्स म्हणजे 680. गणिताची भीती असेल तर एवढंच लक्षात ठेवा: साठा दुप्पट केला तर लोंढा जेमतेम सव्वापट होतो, उंची दुप्पट केली तर दुपटीहून जास्त. तेव्हा "आमचं तळं पसरट आहे, पाणी फार नाही" या वाक्यातल्या पहिल्या भागाला अर्थ आहे, दुसऱ्याला तितकासा नाही.

आता वर्गीकरण. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, अगदी इंजिनिअर मंडळींचाही.

अमेरिकेत धरणांचे तीन धोका-वर्ग आहेत: कमी, लक्षणीय आणि उच्च. धरण फुटलं किंवा चुकीचं चालवलं गेलं तर एक जरी माणूस मरण्याची शक्यता असेल तर ते उच्च. माणूस मरण्याची शक्यता नाही पण रस्ता, पाणीपुरवठा, दुसऱ्याची मालमत्ता, पर्यावरण यांचं नुकसान होईल, तर लक्षणीय. नुकसान मालकाच्याच जमिनीपुरतं राहणार असेल तर कमी. बस. या व्याख्येत धरण मजबूत आहे की खिळखिळं, याबद्दल एक अक्षर नाही. नवं कोरं, उत्तम बांधलेलं धरण उच्च धोक्याचं असू शकतं आणि मोडकळीला आलेलं कमी धोक्याचं. धरणाची तब्येत हा वेगळा रकाना आहे, तो वेगळा भरायचा.

फौजेत आमच्याकडे पुलांवर पिवळ्या गोल पाटीत एक आकडा लिहिलेला असतो. तो पुलाची ताकद सांगतो: इतक्या वर्गाचं वाहन जाऊ द्या, जास्तीचं नको. लोक धरणाचा धोका-वर्गही तसाच वाचतात आणि फसतात. धरणाच्या वर्गाला फौजेतली जवळची तुलना दारूगोळ्याच्या कोठाराची आहे. कोठाराभोवती किती अंतर मोकळं ठेवायचं हे आत काय आणि किती आहे, आणि बाहेर कोण राहतं, यावर ठरतं. कोठाराचा अधिकारी किती दक्ष आहे हे त्यात धरत नाहीत. आणि कोठाराभोवती घरं बांधू नयेत म्हणून 1903 पासून आपल्याकडे संरक्षण बांधकाम कायदा आहे. त्यावरून किती भांडणं होतात ते छावणीच्या शेजारी राहणाऱ्यांना विचारा. पण अंतर राखलं जातं. छोट्या धरणाखालच्या ओढ्याकाठी असं अंतर बहुधा कुणी राखत नाही. धरण बांधलं तेव्हा खाली रान होतं, म्हणून ते कमी धोक्याचं. वीस वर्षांत रस्ता आला, ढाबा आला, मजुरांची वस्ती आली, शाळा आली. धरणात एक घमेलं माती बदललेली नसते आणि ते उच्च धोक्याचं झालेलं असतं. कागदावर मात्र जुनाच शेरा.

हवाई बेटांपैकी कौआईवर का लोको नावाचा जुना तलाव 14 मार्च 2006 ला फुटला आणि सात जण गेले. सरकारी यादीत तो "कमी धोका" वर्गात होता. आणि वर्ग कमी म्हणजे तपासणीची घाई नाही. चुकीच्या वर्गाची किंमत अशी दोनदा मोजावी लागते.

खाली कोण आहे आणि त्यांना कळतं कधी, याने किती फरक पडतो ते दाखवायला मला केली बार्न्सचं एक जुळं भावंडं सापडलं आहे. कोलोरॅडोत, रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात, लॉन लेक नावाचं मातीचं धरण. शेतीच्या पाण्यासाठी 1903 मध्ये बांधलेलं, उंची सव्वीस फुटांच्या आत, साठा 674 एकर-फूट. म्हणजे केली बार्न्सपेक्षा किंचित जास्त. 15 जुलै 1982 ला पहाटे फुटलं, लोंढ्याचा सर्वोच्च प्रवाह 18,000 क्युसेक्स. तीन माणसं गेली, तंबूत राहणारे पर्यटक. वाटेत मैलोन्‌मैल जवळपास निर्जन दरी होती, आणि कचरा उचलायला आलेल्या गाडीवाल्याने तो आवाज ऐकला, उद्यानातल्या आणीबाणीच्या फोनवरून कळवलं. रेंजरनी खालची माणसं हलवली. पाणी सारखंच, एकीकडे 39 आणि दुसरीकडे तीन. आपल्याकडे पानशेतच्या वेळी, 11 जुलै 1961 च्या रात्री, जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास धरून ठेवलं, त्यामुळे ते रात्री न जाता दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. त्या काही तासांनी पुण्यात किती जीव वाचवले याचा हिशोब कुणी मांडू शकणार नाही.

आता तब्येतीचा रकाना. मातीचं धरण बहुतांशी तीन मार्गांनी जातं. पाणी माथ्यावरून वाहतं, पाणी पोटातून वाहतं, किंवा उतार घसरतो. पहिल्याचं कारण बहुतेक वेळा सांडवा असतो: लहान ठेवलेला, गाळाने भरलेला, किंवा मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावून तुंबवलेला. हो, शेवटचं खरं आहे. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण एका धनिकांच्या मासेमारी क्लबने विकत घेतलं, सांडव्यावर जाळ्या बसवल्या, बग्ग्या जाव्यात म्हणून माथा रुंद करायला तो खाली उतरवला, आणि तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच कुणी काढून विकलेले होते, ते परत बसवलेच नाहीत. 31 मे 1889 ला धरण गेलं, खालचं जॉन्सटाउन गाव गेलं, 2,209 माणसं मेली. ते धरण छोटं नव्हतं, बहात्तर फुटांचं होतं, पण करमणुकीच्या तळ्याच्या मालकाला काय काय सुचू शकतं याचा तो नमुना म्हणून मी नेहमी सांगतो.

केली बार्न्सची चौकशी सरकारी मंडळाने केली. एकच कारण त्यांनी दिलं नाही, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडतो. त्यांचं मत असं: खालच्या बाजूचा उतार फार उभा होता, काही ठिकाणी जवळजवळ एकास एक. भरावातून पाणी पाझरत होतं, मातीचे कण घेऊन जात होतं. त्या उभ्या, भिजलेल्या उताराचा एक तुकडा घसरला असावा, माथ्याला खाच पडली असावी, आणि पुढचं पाण्याने केलं. याच उतारावर आधीची एक घसरण 1973 च्या एका छायाचित्रात स्पष्ट दिसते. बारा फूट उंच, तीस फूट रुंद. फुटण्याच्या चार वर्षं आधी. उतारावर झाडंही वाढलेली होती. दगडी बंधाऱ्याचा जुना सांगाडा आणि जुना पाइप भरावाच्या पोटात तसाच होता.

पाइपाबद्दल थोडं जास्त बोलू द्या, कारण तुमच्या प्लॉटवरच्या बांधात तो नक्की असणार. पाइपाला चिकटून माती नीट दाबता येत नाही. रोलर तिथे पोचत नाही, पाइपाच्या कुशीखाली तर मुळीच नाही. पाणी नेमकी तीच पोकळ वाट शोधतं. लॉन लेकही याच वाटेने गेलं: पाइप आणि झडपेच्या सांध्यातलं शिसं झिजलं, पाणी भरावात सुटलं. पानशेतमध्येही दुखणं सुरू झालं ते विमोचकाच्या बांधकामावरच्या भरावाचं. यावरचा उपाय स्वस्त आहे आणि शंभर वर्षं माहीत आहे. पाइपाच्या शेवटच्या भागाभोवती आणि भरावाच्या खालच्या अंगाला नीट निवडलेल्या वाळूचा थर. वाळू पाण्याला जाऊ देते आणि मातीचा कण अडवते. पाझर असणं हा गुन्हा नाही, मातीचं प्रत्येक धरण पाझरतं. त्यातून माती बाहेर येत असेल तर मात्र घड्याळ सुरू झालं असं समजा.

2019 च्या 2 जुलैला रात्री चिपळूणजवळ तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केलेल्या होत्या. तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरलं असं एक विधान गाजलं, लोक हसले. खेकडे, उंदीर, घुशी भरावात बिळं करतात हे खरंच आहे, जगभरच्या तपासणी-पुस्तिकांत त्यांना स्वतंत्र पानं आहेत. पण म्हणूनच तर तपासणी करायची असते. खेकड्याच्या बिळाने जाणारं धरण बरेच दिवस कुणी पाहिलेलं नसतं.

टोकोआनंतर काय झालं? राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वतः जॉर्जियाचे. बिगरसरकारी धरणं तपासायचा कायदा 1972 पासून होता, पण बहुतांशी कागदावर. कार्टर यांनी सैन्याच्या इंजिनिअर दलाला कामाला लावलं. 1981 पर्यंत त्यांनी आठ हजार आठशेवर धरणं पाहिली, खाली माणसं असलेली, आणि जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली. आज त्या देशाच्या धरण-नोंदवहीत नव्वद हजारांच्या वर धरणं आहेत आणि मुख्य उपयोगाप्रमाणे पाहिलं तर करमणूक हा मोठ्यात मोठ्या गटांपैकी एक आहे.

आपल्याकडे 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. त्यात प्रत्येक राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेने धरणांचं धोक्यानुसार वर्गीकरण करायचं कलम आहे, तपासणी आहे, आणीबाणीचा आराखडा आहे. केंद्रीय जल आयोगाने 2020 मध्ये वर्गीकरणाची मार्गदर्शिकाही काढली आहे. पण कायदा लागू होतो "विनिर्दिष्ट" धरणांना. पंधरा मीटरपेक्षा उंच असेल तर सरळ लागू. दहा ते पंधरा मीटर असेल तर पुढीलपैकी एक तरी हवं: माथ्याची लांबी 500 मीटर, साठा दहा लाख घनमीटर, पूर सेकंदाला 2,000 घनमीटर, पाया विशेष अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी.

या चाळणीतून केली बार्न्स घालून बघा. उंची 11.6 मीटर. लांबी 122 मीटर, नाही. साठा काठोकाठ भरला तेव्हाही पावणेआठ लाख, नाही. ओढ्याचा पूर 2,000 च्या जवळपासही नाही. राहिली शेवटची दोन कलमं. जुन्या दगडी बंधाऱ्यावर चढवलेली माती ही रचना "वेगळी" आहे असं कुणी म्हटलं तरच ते कायद्यात बसेल, आणि ते म्हणायला आधी कुणीतरी जाऊन बघायला हवं. खाली किती माणसं झोपतात, हा प्रश्न या चाळणीत नाही. वर्गीकरण खालच्या माणसांवरून, पण वर्गीकरणाच्या दारात प्रवेश मात्र उंची-लांबीवरून. माझा आक्षेप एवढाच आहे. भारतीय मानक 11223 प्रमाणेही असं धरण "लहान" गटात पडतं, म्हणजे सांडवा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराचा. धोका पाहून मोठा पूर धरण्याची मुभा तिथे आहे, पण मुभा वापरायची कुणी?

आणि तुमच्या सोसायटीचा चार-पाच मीटरचा बांध तर या कायद्याच्या आसपासही येत नाही. तेव्हा वर्गीकरण तुम्हालाच करावं लागेल, आणि ते अवघड नाही. नकाशा काढा, टोपोशीट किंवा उपग्रहाचा. बांधापासून खाली ओढा धरून पहिल्या दोन-तीन किलोमीटरवर बोट फिरवा. काठापासून वर, बांधाच्या उंचीच्या निम्म्याएवढ्या उंचीपर्यंत कोणकोणती घरं येतात ती मोजा; ही फक्त ढोबळ चाळणी आहे, खरा अभ्यास जलतज्ज्ञ करतो. मजुरांचे पत्रे मोजा, ते नकाशात नसतात, चालत जाऊन बघावे लागतात. रात्री तिथे कोण असतं ते विचारा. एक जरी घर निघालं तर तुमचा बांध उच्च धोक्याचा, मग तो कितीही सुंदर हिरवळीने मढवलेला असो. तसं निघालं तर सोसायटीने पैसे काढून धरणाचं काम केलेला स्थापत्य अभियंता बोलवावा, खालच्या घरांचे फोन नंबर रखवालदाराकडे लिहून ठेवावेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. 2005 च्या कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. बांध कुणाच्या खात्याचा हा वाद त्यांच्या दारात चालत नाही.

बाकी रखवालदाराला तीन कामं सांगा. सांडव्यात काही अडकलं तर त्याच दिवशी काढायचं. भरावावर उगवलेलं झुडूप अंगठ्याएवढं व्हायच्या आत उपटायचं. झाड मोठं झालं असेल तर स्वतः कापू नका, इंजिनिअरला दाखवा, कारण मेलेली मुळं कुजली की त्याच नळ्या होतात. आणि पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्यातून एकदा, पायथ्याशी जिथे पाझर दिसतो तिथे पांढरी बादली भरून अर्धा तास ठेवायची. तळाला गाळ बसला नाही तर वहीत "स्वच्छ" लिहायचं. बसला, तर बादली तशीच ठेवून आधी खालच्या घरांना फोन करायचा, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला.